दार एक, जहाजे अनेक : अंतराळ-खेळांतील गोदी आणि वाहतूक-नियंत्रण

अंतराळावर आधारलेल्या व्हिडिओ खेळांची ओळख बहुधा लढाया, प्रचंड वेग आणि दूरच्या ताऱ्यांकडे घेतलेली झेप यांच्या आधारे करून दिली जाते. परंतु खेळाडूचे कसब खरोखर पणाला लागते ते प्रवासाच्या अखेरीस, जेव्हा मालाने भरलेले जहाज फिरत्या स्थानकाच्या अरुंद दारातून आत न्यायचे असते आणि त्याच दाराकडे आणखी पाचसहा जहाजे निघालेली असतात. एका यानाचे दुसऱ्या यानाला सुरक्षितपणे जोडले जाणे, अथवा स्थानकाच्या पोटात शिरून ठरलेल्या जागी विसावणे, या क्रियेला डॉकिंग म्हणतात. बंदराच्या भाषेत सांगायचे तर ही गोदीत शिरण्याची किंवा धक्क्याला लागण्याची क्रिया होय. कोणी आधी यायचे, कोणी थांबायचे, कोणत्या वाटेने आणि किती वेगाने यायचे हे ठरवणारी व्यवस्था म्हणजे वाहतूक-नियंत्रण. ज्या खेळांत यानाची गती, इंधन आणि यंत्रणा यांचे वास्तवाशी मिळतेजुळते अनुकरण केलेले असते त्यांना सिम्युलेशन किंवा अनुकरण-खेळ म्हणतात, आणि अशा खेळांचा गेल्या चार दशकांचा इतिहास पाहिला, तर या दोन साध्या वाटणाऱ्या गोष्टींत भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र आणि नागरी शिस्त यांचा किती मोठा वाटा आहे हे ध्यानात येते.

फिरत्या फटीत शिरण्याची कला

या इतिहासाचा आरंभ शोधताना १९८४ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एलिट’ या खेळापाशी थांबावे लागते. केंब्रिज विद्यापीठात शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन तरुणांनी तो बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकासाठी लिहिला आणि एकॉर्नसॉफ्ट या प्रकाशनाने तो बाजारात आणला. त्या संगणकाची स्मृती अवघी ३२ किलोबाइट, म्हणजे आजच्या मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्राला लागणाऱ्या जागेपेक्षाही कितीतरी कमी होती. तरीही तेवढ्यात प्रत्येकी २५६ ताऱ्यांच्या आठ आकाशगंगा, त्यांच्यामधील व्यापार, वाटेतले चाचे आणि केवळ रेषांनी रेखाटलेली त्रिमितीय याने सामावली होती. खेळाडूने १०० क्रेडिट एवढ्या भांडवलावर आरंभ करायचा, एका ग्रहावर स्वस्त असलेला माल दुसऱ्या ग्रहावर विकायचा आणि अशा प्रत्येक फेरीचा शेवट ग्रहाभोवतीच्या ‘कोरिओलिस’ स्थानकाच्या आयताकृती फटीत करायचा, अशी ही रचना होती. फट चुकली तर जहाज स्थानकाच्या भिंतीवर आपटे, आणि चाच्यांच्या हातून वाचवून आणलेला माल दाराशी येऊन नष्ट होई.

ही फट नेहमी ग्रहाच्या दिशेला असे, म्हणून जाणकार खेळाडू प्रथम स्थानकाला वळसा घालून ग्रह आणि स्थानक यांच्यामध्ये येत, मग जहाज उलटे फिरवून फट समोरच्या काचेच्या मध्यभागी आणत, आणि अखेरीस स्थानक ज्या गतीने स्वतःभोवती फिरते त्याच गतीने आपले जहाजही लोळवत, जेणेकरून फट आडवी आणि स्थिर दिसू लागे. संगणक या वेळी जहाजाचा प्रत्येक कोपरा भिंतीला लागतो की नाही हे तपासत बसत नसे, कारण तेवढी शक्ती त्याच्याजवळ नव्हती; स्थानकाशी वैर नाही ना, जहाजाचे नाक दाराच्या दिशेने पुरेसे सरळ आहे ना आणि फट जहाजाच्या दृष्टीने पुरेशी आडवी आहे ना, अशा मोजक्याच कसोट्या तो लावी. खेळाडूला मात्र आपण एका प्रचंड वास्तूच्या जबड्यात शिरत आहोत असे वाटे, आणि थोड्या गणितातून एवढी मोठी अनुभूती निर्माण करण्यातच त्या दोघांच्या प्रतिभेची खूण दिसते.

स्थानक का फिरते, या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या बाहेर, भौतिकशास्त्रात आहे. फिरत्या वस्तूच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला कडेची भिंत सतत आत ढकलत राहते आणि त्याला तो दाब वजनासारखा भासतो. म्हणून अंतराळातील वस्तीला कृत्रिम गुरुत्व द्यावयाचे असेल तर ती फिरवणे हा सर्वांत सोपा उपाय ठरतो. ५०० मीटर त्रिज्येचे स्थानक सुमारे ४५ सेकंदांत एक फेरा पूर्ण करू लागले, तर त्याच्या कडेवर पृथ्वीइतके वजन जाणवेल. परंतु त्या वेळी कडेचा वेग सेकंदाला सुमारे ७० मीटर, म्हणजे ताशी सुमारे २५० किलोमीटर असेल. एवढ्या वेगाने सरकणाऱ्या कडेवर जहाज लावणे अत्यंत धोक्याचे, तर ज्या अक्षाभोवती स्थानक फिरते त्या अक्षावर मात्र हा वेग शून्य असतो. दार मध्यभागी ठेवण्यामागील कारण हेच होय, आणि जहाजाने अक्षाच्या रेषेतूनच आत यावे हा नियमही त्यातूनच निघतो. स्थानकाचे नावही सार्थ आहे, कारण फिरत्या चौकटीत सरळ जाणारी वस्तू त्या चौकटीत बसलेल्या निरीक्षकाला वळल्यासारखी दिसते या परिणामाला गास्पार-गुस्ताव कोरिओलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव दिलेले आहे.

ज्यांना हे कसब साधत नसे त्यांच्यासाठी खेळात ‘डॉकिंग कॉम्प्युटर’ नावाचे उपकरण विकत मिळे. ते जहाज आपोआप आत नेई, परंतु त्याची किंमत १५०० क्रेडिट, म्हणजे आरंभीच्या भांडवलाच्या पंधरापट होती. सोय हवी असेल तर ती आधी कमवावी लागे, आणि ती कमावेपर्यंत खेळाडू बहुधा स्वतःच निष्णात झालेला असे. कमोडोर ६४ या संगणकावरील आवृत्तीत हे उपकरण चालू होताच योहान स्ट्राउसच्या ‘ब्ल्यू डॅन्यूब’ या वॉल्ट्झचे सूर वाजू लागत, कारण स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९६८ सालच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात यान फिरत्या स्थानकाकडे जात असताना हेच संगीत ऐकू येते. यान आणि स्थानक एका लयीत फिरू लागण्याच्या क्रियेला नृत्याची जोड त्या चित्रपटाने दिली होती, आणि खेळाने ती घरोघरच्या पडद्यावर नेली.

पुढे जाण्यासाठी आधी मागे

‘एलिट’मधील जहाजे विमानासारखी उडत, नाक जिकडे वळेल तिकडे जहाज जाई. खऱ्या अंतराळात असे घडत नाही, कारण तेथे हवेचा अडसर नसल्यामुळे एकदा मिळालेला वेग टिकून राहतो आणि थांबण्यासाठीही उलट दिशेने तेवढाच जोर लावावा लागतो. शिवाय ग्रहाभोवती फिरणाऱ्या दोन यानांची गाठ घालून देणे हे सहजबुद्धीला चकवणारे काम आहे. पुढे असलेल्या यानाला गाठण्यासाठी मागच्याने जोर लावला, तर त्याची कक्षा उंचावते, उंच कक्षेतील प्रदक्षिणेला अधिक वेळ लागतो, आणि परिणामी ते आणखी मागे पडते. उलट त्याने वेग कमी केला तर ते खालच्या, जलद पूर्ण होणाऱ्या कक्षेत उतरते आणि पुढच्याला गाठते. अमेरिकेच्या जेमिनी ४ या मोहिमेत जून १९६५ मध्ये जेम्स मॅकडिविट यांनी आपल्याच रॉकेटच्या सुट्या झालेल्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांना याच विरोधाभासाला तोंड द्यावे लागले आणि तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. त्यानंतर वर्षभराच्या आतच, १६ मार्च १९६६ रोजी, नील आर्मस्ट्राँग आणि डेव्हिड स्कॉट यांनी जेमिनी ८ हे यान एजिना या मानवरहित यानाला जोडून अंतराळातील पहिले डॉकिंग घडवून आणले.

हा धडा सामान्य माणसाच्या हाती देण्याचे श्रेय दोन खेळांना द्यावे लागते. मार्टिन श्वायगर यांनी २००० साली विनामूल्य उपलब्ध केलेल्या ‘ऑर्बिटर’ने कक्षेचे गणित अत्यंत काटेकोरपणे पडद्यावर आणले, तर मेक्सिकोतील स्क्वाड या कंपनीचा ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’, जो २०११ मध्ये प्रथम लोकांसमोर आला आणि ज्यात डॉकिंगची सोय डिसेंबर २०१२ मध्ये जोडली गेली, त्याने तेच गणित एका काल्पनिक सूर्यमालेत आणि हसऱ्या हिरव्या पात्रांच्या संगतीत शिकवले. या खेळात जोडणी साधण्यासाठी खेळाडूला आधी दोन्ही यानांच्या कक्षा एकाच प्रतलात आणाव्या लागतात, मग त्यांची भेट होईल असा क्षण निवडावा लागतो, जवळ आल्यावर परस्परांच्या तुलनेतील वेग, ज्याला सापेक्ष वेग म्हणतात, तो शून्य करावा लागतो, आणि शेवटचे काही मीटर छोट्या थ्रस्टरच्या, म्हणजे वायूचा झोत सोडून यानाला हलकेच सरकवणाऱ्या तोट्यांच्या साहाय्याने पार करावे लागतात. येथे घाई करणाऱ्याला यश मिळत नाही. कमीत कमी हालचालीत काम साधणारा खेळाडूच निष्णात ठरतो.

परवानगी, पॅड आणि वेळ

१९८४ च्या ‘एलिट’मध्ये दार होते, परंतु दारवान नव्हता, जहाजाने यावे आणि शिरावे एवढाच व्यवहार होता. त्याचा पुढचा भाग असलेल्या, १९९३ सालच्या ‘फ्रंटियर : एलिट टू’मध्ये स्थानकाशी संपर्क साधून परवानगी मागण्याची पद्धत आली, आणि १६ डिसेंबर २०१४ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘एलिट डेंजरस’ या ब्रेबन यांच्याच कंपनीच्या खेळात ती एका पूर्ण वाहतूक-संहितेच्या रूपाला पोहोचली. इंटरनेटमुळे आता एकाच स्थानकापाशी संगणकाने चालवलेल्या जहाजांबरोबर जगाच्या वेगवेगळ्या भागांत बसलेले खरे खेळाडूही एकत्र येऊ लागले होते, आणि अनोळखी माणसांनी एकच दार वापरायचे तर नियमांवाचून गत्यंतर नव्हते.

या संहितेनुसार जहाज स्थानकापासून ७.५ किलोमीटरच्या आत आल्यावरच परवानगी मागता येते. स्थानक जहाजाचा आकार पाहून लहान, मध्यम किंवा मोठ्या अशा योग्य मापाच्या पॅडचा, म्हणजे उतरण्याच्या चौथऱ्याचा, क्रमांक कळवते. मोठ्या फिरत्या स्थानकांत असे ४५ पॅड असतात, तर ‘आउटपोस्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छोट्या ठाण्यांवर मोठ्या जहाजासाठी पॅडच नसतो. परवानगी मिळाल्यावर दहा मिनिटांत उतरावे लागते. दारातून आत जाताना उजवीकडे हिरवे आणि डावीकडे तांबडे दिवे दिसतात, आणि येणाऱ्याने आपली हिरवी बाजू धरावी म्हणजे समोरून बाहेर पडणाऱ्याला वाट मोकळी राहील, असा संकेत आहे. स्थानकाच्या परिसरात सेकंदाला १०० मीटर ही वेगाची मर्यादा असून ती ओलांडून कोणाला धडक दिल्यास शिक्षा होते. परवानगीवाचून आत घुसणाऱ्यावर किंवा वाट अडवून बसणाऱ्यावर इशारा दिल्यानंतर स्थानक तोफा चालवते. आत शिरल्यावर जहाजाचा संगणक स्थानकाच्या फिरण्याशी आपोआप जुळवून घेतो, आणि खेळाडूने ही मदत बंद केली तर समोरचा पॅड हळूहळू बाजूला सरकताना दिसतो. चाळीस वर्षांपूर्वीचे ते जुने कसब या एका कळीमागे अजून शिल्लक आहे.

नियंत्रकाच्या डोक्यात काय चालते

खेळाडूला ऐकू येणाऱ्या नियंत्रकाच्या आवाजामागे जो प्रोग्रॅम काम करतो, त्याची रचना समजून घेण्यास ‘ऊलाइट’ हा खेळ सोयीचा आहे. जाइल्स विल्यम्स यांनी जुन्या ‘एलिट’च्या प्रेरणेने लिहिलेला हा विनामूल्य खेळ असून त्याचा मूळ प्रोग्रॅम कोणालाही वाचता येतो. त्यात स्थानक आपल्या दारासमोरच्या मार्गाचे टप्प्याटप्प्याचे बिंदू ठरवते, आणि उतरू इच्छिणाऱ्या प्रत्येक जहाजाला आता कोणत्या बिंदूकडे जायचे ते सांगते. पुढचा बिंदू दुसऱ्या जहाजाने व्यापलेला असेल तर ‘जागीच थांब’ असा आदेश मिळतो, रांग मोठी असेल तर ‘नंतर प्रयत्न कर’ असे सांगितले जाते, जहाज दारापेक्षा मोठे असेल तर तसे स्पष्ट कळवले जाते, आणि जहाज भलत्याच कोनातून आले तर त्याला मागे हटवून पुन्हा रांगेत घेतले जाते. एका वेळी एका बिंदूवर एकच जहाज, हे या व्यवस्थेचे मूलतत्त्व आहे. रेल्वेत एका खंडात एकच गाडी सोडण्याचा जो नियम असतो, त्याच जातीचे हे तत्त्व होय.

अशा व्यवस्थेत सर्वांत मोठा धोका अपघाताचा नसून कोंडीचा असतो. समजा, सर्व पॅड भरलेले आहेत, आत येणारे जहाज दारात उभे राहून पॅड रिकामा होण्याची वाट पाहत आहे, आणि पॅडवरून निघालेले जहाज दार मोकळे होण्याची वाट पाहत आहे. अशा स्थितीत दोघेही एकमेकांसाठी कायमचे अडून राहतात. संगणकशास्त्रात ‘डेडलॉक’ म्हणून ओळखली जाणारी ही अवस्था टाळण्याचा मार्ग म्हणजे दारात शिरण्यापूर्वीच पॅड राखून ठेवणे, आणि म्हणूनच पॅडचा क्रमांक बाहेर असतानाच देण्याच्या पद्धतीला केवळ शोभेपलीकडचे महत्त्व आहे. मात्र पॅड राखून ठेवणारा खेळाडू वाटेतच उठून गेला तर ती जागा विनाकारण अडून राहील. त्यावर उपाय म्हणून परवानगीला मुदत घातली जाते, ‘एलिट डेंजरस’मध्ये दहा मिनिटांची आणि ‘ऊलाइट’मध्ये साधारण दोन मिनिटांची. मुदत संपली की हक्क संपतो आणि जागा रांगेतील पुढच्याला मिळते.

याहून नाजूक प्रश्न न्यायाचा आहे. खेळाडूला प्रत्येक वेळी सर्वांच्या पुढे घातले, तर बाकीची जहाजे केवळ देखाव्यापुरती आहेत हे उघड होते आणि त्या विश्वावरचा विश्वास उडतो. उलट त्याला इतरांइतकेच ताटकळत ठेवले, तर खेळाचे काम होऊन बसते. चांगल्या खेळांनी यावर शोधलेला उपाय असा, की थांबायला लावताना कारण सांगावे. येणारी जहाजे उतरेपर्यंत थांबा, किंवा सुटणारी जहाजे दूर जाईपर्यंत थांबा, असे ‘ऊलाइट’मधील स्थानक सांगते, आणि कारण कळलेले थांबणे माणूस सहज सोसतो. जर्मनीतील एगोसॉफ्ट या कंपनीच्या २०१८ सालच्या ‘एक्स फोर : फाउंडेशन्स’ या खेळात तर रांगेला आर्थिक अर्थही येतो, कारण तेथील कारखान्यांना लागणारा कच्चा माल खरोखरच जहाजांनी वाहून आणावा लागतो, खेळाडूने स्वतः बांधलेल्या स्थानकाला धक्के कमी ठेवले तर मालवाहू जहाजे बाहेर खोळंबतात आणि आतले उत्पादन बंद पडते.

पडद्यापलीकडचे अंतराळ

खेळांतील ही शिस्त कल्पनेतून उगवलेली नाही, हे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे पाहिल्यास पटते. त्या स्थानकाभोवती कक्षेच्या दिशेने चार किलोमीटर लांबीचा एक लंबगोल प्रदेश आणि त्याच्या आत २०० मीटर त्रिज्येचा एक गोल कल्पिलेला आहे, आणि येणाऱ्या यानाला प्रत्येक टप्प्यावर थांबून, परवानगी घेऊनच पुढे सरकावे लागते. ही काळजी अनाठायी नाही. २५ जून १९९७ रोजी रशियाच्या मीर स्थानकाकडे प्रोग्रेस हे मालवाहू यान दूरनियंत्रणाने, मुख्यतः कॅमेऱ्यातील चित्राच्या भरवशावर आणले जात असताना त्याचे अंतर आणि वेग यांचा नेमका अंदाज न आल्यामुळे ते स्थानकावर आदळले, स्पेक्टर या विभागाला भोक पडले, हवा गळू लागली आणि आतील तिघांनी तो विभाग घाईने बंद केल्यामुळेच स्थानक वाचले. अंतर आणि सापेक्ष वेग हे दोन आकडे डोळ्यांसमोर असणे किती महत्त्वाचे आहे, हे त्या दिवसाने दाखवून दिले. खेळांच्या पडद्यावर हेच दोन आकडे ठळकपणे का दाखवलेले असतात, याचेही उत्तर त्यातच मिळते.

खेळ आणि वास्तव यांच्यातील अंतर आता बरेच कमी झाले आहे. स्पेसएक्स या कंपनीने २०२० साली आपल्या क्रू ड्रॅगन यानाच्या जोडणीचा एक अनुकरण-खेळ सर्वांसाठी खुला केला, ज्यात अंतराळवीरांच्या पडद्यासारखीच मांडणी असून अखेरच्या क्षणी यानाचा वेग सेकंदाला ०.२ मीटरपेक्षा कमी, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी ठेवावा लागतो. भारतानेही हे तंत्र स्वतः आत्मसात केले आहे. इस्रोने ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या स्पेडेक्स मोहिमेतील, प्रत्येकी सुमारे २२० किलोग्रॅम वजनाची दोन याने १२ जानेवारी २०२५ रोजी परस्परांपासून ३ मीटरपर्यंत आणली गेली, आणि त्या दिवशी जोडणीचा मोह न धरता चाचणीची माहिती तपासण्यासाठी पुन्हा दूर नेली गेली. १६ जानेवारी रोजी ती जोडली गेली आणि असे डॉकिंग साधणारा भारत जगातील चौथा देश ठरला. तीन मीटरवरून मागे फिरण्याचा तो निर्णय, परवानगीची वाट पाहत दाराबाहेर थांबलेल्या खेळाडूला अधिक चांगला समजू शकेल.

व्हिडिओ खेळ मुलांना केवळ मारामारी शिकवतात, अशी तक्रार मराठी घरांतून वारंवार ऐकू येते, आणि काही खेळांच्या बाबतीत ती खरीही आहे. परंतु ज्या खेळात वेग आवरावा लागतो, दुसऱ्याची पाळी मानावी लागते, मुदतीत जागा मोकळी करावी लागते आणि पुढे जाण्यासाठी कधी कधी मागे सरकावे लागते, तो खेळ त्याच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. म्हणून घरातील एखादे मूल फिरत्या स्थानकासमोर जहाज स्थिर धरून बसलेले दिसले, तर पालकांनी त्याच्या शेजारी बसावे, दार मध्यभागीच का आहे असे त्याला विचारावे, आणि त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.